४० गुणांना रौप्य, ३४ गुणांना सुवर्ण (आणि आमची नववीतली भाची)

कृष्णाकाठ

बरेच दिवस वाचनमात्र होते, आज धागा काढतेय. प्रस्तावना लांबणार आहे, सांभाळून घ्या.

माझी भाची नववीत आहे, सांगलीत. तिनं गणित ऑलिंपियाडची पहिली पायरी, म्हणजे आयओक्यूएम दिली आणि ती पुढच्या विभागीय फेरीला, म्हणजे आरएमओला, पात्र ठरली. या आद्याक्षरांचा अर्थ घरात कुणालाच माहीत नव्हता. ताईनं नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकलं. टाळ्या आल्या, पेढे आले, आणि पाठोपाठ काकांचा प्रश्न: "शंभरापैकी किती?" आकडा सांगितल्यावर ग्रुप दहा मिनिटं गार. एवढे गुण घटक चाचणीत पडले असते तर पालकांना शाळेत बोलावणं आलं असतं! काकांनी शेवटी "प्रयत्न चालू ठेव बाळा" असं लिहून दोन हात जोडले.

पोरगी तशी वेंधळी आहे. तीन शिट्ट्या झाल्या की कुकर बंद कर म्हटलं तर सहावीला भानावर येते. पण दुधाच्या बिलाच्या मागे त्रिकोण काढत ओट्याला टेकून तास तास उभी राहील. आता आरएमओचा जुना पेपर घड्याळ लावून सोडवला, तर सहापैकी एकच गणित सुटलं. दोन दिवस रडली. "मावशी, मी हुशार नाहीये, पहिली परीक्षा चुकून निघाली." त्यात तिच्या क्लासवाल्यांनी ताईला सांगितलंय की ऑलिंपियाडच्या नादात जेईईचा पाया कच्चा राहील, हे बंद करा.

तर मी रात्री बसून वाचत गेले. टेरेन्स ताओ या गणितज्ञाचं नाव ऐकून होते, पण त्याच्या तीन वर्षांचे गुण बघून चक्रावले. आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडमध्ये ४२ पैकी गुण असतात. १९८६, वॉर्सा, वय १०: गुण १९, कांस्य. १९८७, हवाना: गुण ४०, रौप्य. १९८८, कॅनबेरा: गुण ३४, सुवर्ण! सहा गुण कमी पडले आणि पदक वर गेलं. हे कसं? आणि त्याच १९८८ च्या सहाव्या प्रश्नात या पठ्ठ्याला सातपैकी एक गुण आहे. एक!

भाचीला हे सांगितलं तर म्हणाली, "तो दहा वर्षांचा होता, मी चौदाची आहे." झालं. सांगा आता, काय करायचं हिचं?

भोपळा

वाचनखूण साठवली. काकांचा प्रश्न घरोघरी तोच. :)

पावकी_निमकी

कृष्णाकाठ, आधी भाचीचं अभिनंदन! मी या वाटेवर दोन वर्षं चाललोय आणि आयएनएमओच्या, म्हणजे राष्ट्रीय फेरीच्या, दारातून दोन्ही वेळा परत आलोय, तेव्हा तेवढ्यापुरतं सांगतो.

आयओक्यूएम म्हणजे गाळणी. तीन तास, उत्तर फक्त एक पूर्णांक, ओएमआरवर गोल काळे करायचे. तिथे कुणी रीत बघत नाही. आरएमओपासून खेळच पालटतो. तीन तासांत सहा प्रश्न आणि कोरा कागद. उत्तर बरेचदा प्रश्नातच दिलेलं असतं, "असं असतं हे सिद्ध करा". मग जानेवारीत आयएनएमओ. त्यातून निवडलेल्यांचं शिबिर, त्यातून सहा जण भारताच्या संघात. वरची सगळी सूत्रं मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राकडे असतात.

म्हणजे भाचीचं सहापैकी एक हे त्या नव्या खेळातलं एक आहे. सगळ्यांचं तिथंच अडतं. माझा पहिला कच्चा पेपर सरांनी परत दिला तेव्हा चार पानांवर मिळून एक लाल शेरा होता: "हे का?" गुण शून्य. उत्तर बरोबर होतं माझं!

आता पदकांचं कोडं. तिथे नव्वद टक्क्यांना सुवर्ण वगैरे नसतं. साधारण निम्म्या मुलांना पदकं आणि त्यात सुवर्ण, रौप्य, कांस्य यांचं प्रमाण एकास दोनास तीन, त्या हिशेबानं दरवर्षी रेषा आखतात. १९८७ चा पेपर सोपा गेला. बावीस जणांनी पैकीच्या पैकी मारले आणि सुवर्णाची रेषा थेट ४२ वर गेली. ताओचे दोन गुण गेले, सुवर्णही गेलं. पुढच्या वर्षी पेपरानं सगळ्यांना रडवलं, रेषा ३२ वर आली. काकांना हे सांगून बघा, ग्रुप अजून गार होईल.

खर्च_वजा_जमा

मी जरा वाईटपणा घेतो.

हे सगळं वाचायला छान आहे. पण देशातून सहा मुलं जातात. सहा. बाकीच्यांनी चार वर्षं घालवून हातात काय? क्लासवाल्यांचा स्वार्थ असेल, पण म्हणणं खोटं नाही. जेईईला तीन विषय आहेत आणि तिथे सिद्धता कुणी विचारत नाही. माझ्या मित्राचा मुलगा, अफाट डोकं, दोन वर्षं फक्त संख्या सिद्धांत आणि भूमिती करत बसला. रसायनशास्त्र उघडून बघितलं नाही. शेवटी कुठल्याच घाटाला लागला नाही. आपल्याकडची मध्यमवर्गीय घरं ही जोखीम घेऊ शकत नाहीत.

ताओची गोष्ट ताओपुरती. आई गणित आणि भौतिकशास्त्र शिकलेली, वडील डॉक्टर. आपण ताई आणि काकांबद्दल बोलतोय.

पावकी_निमकी

@खर्च_वजा_जमा, मित्राच्या मुलाचं वाईट वाटलं. तशी उदाहरणं मीही पाहिलीत, नाकारत नाही. पण "हातात काय" हे अर्धवट आहे. आयएनएमओत निवड झाली की चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट आणि भारतीय सांख्यिकी संस्थेत लेखी प्रवेश परीक्षेतून सूट मिळते. अलीकडे काही आयआयटींनीही ऑलिंपियाडवाल्यांसाठी वेगळं दार किलकिलं केलंय. संघातच जायला हवं असं नाही.

आणि नववी आहे हो. नववीत रसायनशास्त्र बुडायला असतंच किती?

खर्च_वजा_जमा

नववीची अकरावी व्हायला वेळ लागत नाही, एवढंच म्हणतो. थांबतो.

नीलगिरीची_पानं

ॲडलेडमधून लिहितेय, ताओच्याच गावातून. :) इथे मराठी मंडळाच्या गणपतीत दरवर्षी कुणीतरी आपल्या मुलाची तुलना त्याच्याशी करतंच, त्यामुळे विषय जिव्हाळ्याचा!

खर्च_वजा_जमा म्हणतात ते बरोबर, घर शिकलेलं होतं. पण त्या घरानं केलं काय, ते बघण्यासारखं आहे. पोराला सरसकट चार इयत्ता वर ढकललं नाही. शाळेत तो विषयागणिक वेगळ्या वर्गात बसायचा. गणिताला मोठ्यांबरोबर, बाकीच्या विषयांना बराच खाली. पदकांनंतर गेला तोही इथल्याच फ्लिंडर्स विद्यापीठात, घरून जाऊन येऊन. दहा वर्षांचा असतानाचा एक फोटो प्रसिद्ध आहे. नामवंत गणितज्ञ पॉल एर्डिश, तेव्हा सत्तरी ओलांडलेला, आणि हा पोरगा शेजारी शेजारी बसून एका कागदात डोकं खुपसून बसलेत. म्हातारा गणित समजावतोय की पोरगा, कळत नाही.

पण भाचीला यातलं काही सांगू नका. तिला पुढचं सांगा. हाच ताओ प्रिन्स्टनला पीएचडीच्या तोंडी परीक्षेत नापास होता होता वाचला. आजवर फार अभ्यास न करता निभावलं होतं, तसंच निभेल म्हणून संगणकावर खेळत बसला आणि परीक्षकांनी साध्या प्रश्नांत पकडलं. हे त्यानं स्वतः लिहिलंय. त्यानंतर अभ्यास करायला शिकला म्हणतो. आणि पुढे त्याला फील्ड्स पदक, गणितातल्या सर्वोच्च सन्मानांपैकी एक, २००६ मध्ये मिळालं.

भाची चौदाव्या वर्षी अडखळतेय, म्हणजे ती लवकर शिकतेय की!

खडूफळा

बीड जिल्ह्यात माध्यमिकला गणित शिकवतो. वीस वर्षं झाली.

पावकी_निमकी यांनी "हे का?" लिहिलंय ना, तिथे आमची सगळी गाडी रुतलेली आहे. आपल्या नववीच्या भूमितीत सिद्धता आहेत. पक्ष, साध्य, रचना, सिद्धता, असं ओळीनं. डावीकडे विधान, उजवीकडे कंसात कारण. ही इतकी सुंदर सवय, आणि आम्ही ती पाठ करून घेतो. कोन अ ब क च्या जागी कोन प फ ब दिला की वर्ग मला विचारतो, "सर, हे पुस्तकात नाही." चूक मुलांची नाही. मी स्वतः बी.एड. होईपर्यंत एकही सिद्धता आपणहून शोधलेली नव्हती.

स्कॉलरशिप होते, गणित प्रावीण्य होते, प्रज्ञा होते. चांगल्या परीक्षा आहेत, मुलं पुढे येतात. पण ऑलिंपियाड हा शब्द आमच्याकडे बाजारातल्या दुसऱ्याच परीक्षांमुळे माहीत. पैसे भरा, चाळीस पर्याय रंगवा, सगळ्यांना पदक. एका पालकांनी मला मुलाची "ऑलिंपियाडची" सात पदकं दाखवली होती. मी काय बोलणार? छान आहेत म्हटलं.

ताई, शाळेला या परीक्षेचं काही माहीत नसलं तर राग मानू नका. मलाच पंधरा वर्षं माहीत नव्हतं. पुण्यात असता तर भास्कराचार्य प्रतिष्ठान आहे, श्रीराम अभ्यंकरांनी १९७६ साली सुरू केलेलं, तिथे ऑलिंपियाडची तयारी करून घेतात. सांगलीहून दर रविवारी ये-जा करण्यात पोरीचा जीव जाईल, ते नको. पण जुने पेपर सगळे फुकट मिळतात आणि एक वही लागते.

भोपळा

@खडूफळा, सात पदकं!! आमच्याकडे नऊ आहेत. शोकेसला जागा नाही.

कृष्णाकाठ

सगळ्यांचे आभार. खडूफळा सर, शाळेवर राग नाही. वर्गशिक्षिकांनी "जिल्हा पातळी का राज्य पातळी?" एवढं विचारून सही दिली. त्यांच्याकडे ऐंशीचा वर्ग आहे.

नीलगिरीची_पानं, प्रिन्स्टनची गोष्ट जेवताना सांगितली. भाकरी मोडायची थांबली आणि "खरंच? कुठला गेम?" असं विचारलं. आता ताई मला रागावतेय.

तो १९८८ चा सहावा प्रश्न इथे कुणी माणसाच्या भाषेत सांगू शकेल का? तिला वाचायला देईन म्हणते.

उरलेली_बाकी

अहाहा. हा प्रश्न माझा जीव की प्राण आहे, मोठा प्रतिसाद येतोय.

प्रश्न असा. अ आणि ब या दोन धन पूर्णांक संख्या. अ² + ब² ला (अब + १) नं निःशेष भाग जातो. तर येणारा भागाकार पूर्ण वर्ग असतो, हे सिद्ध करा.

बस. दोन ओळी. पाचवीतल्या पोराला प्रश्न कळतो. २ आणि ८ घ्या: ४ + ६४ = ६८, खाली १७. भागाकार ४. ३ आणि २७ घ्या: ७३८ भागिले ८२, आले ९. ८ आणि ३० घ्या: ९६४ भागिले २४१, पुन्हा ४. दरवेळी वर्गच! ५, ७, १० कधी येतच नाही. का?

यजमान ऑस्ट्रेलियाच्या प्रश्न समितीत सहा जण होते, त्यांना तो सुटला नाही. मग देशातल्या संख्या सिद्धांताच्या चार तज्ज्ञांकडे पाठवला, सहा तास दिले. त्यांनाही सुटला नाही. तरी घातला पेपरात! २६८ मुलं बसली होती. अकरा जणांनी पूर्ण सोडवला. त्यातला बल्गेरियाचा एकजण इतकं देखणं लिहून आला की त्याला खास पारितोषिक दिलं. व्हिएतनामच्या ङो बाओ चाऊला त्या वर्षी ४२ पैकी ४२ होते, पुढे २०१० चं फील्ड्स पदक. रुमानियाच्या निकुशोर दानलाही ४२ पैकी ४२, आणि तो २०२५ मध्ये रुमानियाचा राष्ट्राध्यक्ष झाला. एका राष्ट्राध्यक्षाला सुटलेल्या गणितात ताओला एक गुण, हे मी लग्नकार्यात सांगत फिरतो.

आता गंमत. याला लागणारं हत्यार आपल्या दहावीच्या बीजगणितात आहे: वर्गसमीकरणाच्या मुळांची बेरीज.

भागाकाराला क म्हणू. मग अ² − कअब + ब² − क = ०. ब आणि क धरून ठेवा आणि अ ला चल समजा. झालं वर्गसमीकरण. त्याचं एक मूळ अ आहे, मग दुसरं असणारच. दोघांची बेरीज कब. म्हणजे दुसरं मूळ कब − अ. पूर्णांकातून पूर्णांक गेला, पूर्णांकच उरला.

आकड्यांनी करा. जोडी ३० आणि ८, क = ४. दुसरं मूळ: ४ × ८ − ३० = २. म्हणजे ३० काढून २ ठेवला तरी समीकरण खरंच राहतं. नवी जोडी ८ आणि २. पुन्हा: ४ × २ − ८ = ०. नवी जोडी २ आणि ०. इथे थांबा. एक संख्या शून्य झाली की मूळच्या समीकरणात काय उरतं? २² = क. आला की नाही वर्ग!

विहिरीच्या पायऱ्या उतरल्यासारखं आहे हे. मोठी संख्या काढायची, तिच्या जागी धाकटीहूनही लहान येते, हे दाखवायचं. दुसऱ्या मुळाचा गुणाकारातून येणारा आकार (ब² − क) भागिले अ असा आहे, आणि अ हा ब एवढा किंवा मोठा, म्हणजे तो ब पेक्षा लहानच. तो ऋण होऊ शकत नाही, हेही दाखवायचं. ऋण घातला तर समीकरणाची डावी बाजू शून्याच्या वरच राहते, भाचीला स्वतः करून बघू दे. खाली खाली जाताना धन पूर्णांक संपतात, कुठेतरी शून्य लागतंच. आणि शून्य लागलं की क वर्ग. आजकाल मुलं याला व्हिएटा जंपिंग म्हणतात आणि यादीतली एक युक्ती म्हणून पाठ करतात. १९८८ मध्ये त्या खोलीत बसलेल्या बहुतेकांना ती माहीत नव्हती, ती तिथे सुचायची होती. साडेचार तासांत, आणखी दोन प्रश्नांबरोबर.

मोरपंखी_वही

उरलेली_बाकी, काय लिहिलंय! भाजी करपली माझी.

मला भाचीसाठी वेगळं सांगायचंय. भारताच्या संघात मुलगी क्वचित दिसते, हे तिला कधीतरी कुणीतरी टोमण्यात सांगेलच, म्हणून आधीच लिहिते. मरियम मिर्झाखानी माहीत असेल. फील्ड्स पदक मिळालेली पहिली स्त्री, २०१४. चाळिशीतच गेली, २०१७ मध्ये. तेहरानला शाळेत असताना सहावीच्या सुमाराला गणितात तिची गती बेताची होती. बाईंना ती विशेष वाटायची नाही म्हणून हिचंही लक्ष उडालं.

पुढे तिच्या आणि तिच्या मैत्रिणीच्या हाती एका राष्ट्रीय स्पर्धेचा पेपर लागला. तीन तासांत सहा प्रश्न. या दोघी कित्येक दिवस बसल्या आणि सहापैकी तीन सोडवले. तीन तास कुठे, कित्येक दिवस कुठे! पण तिला काय वाटलं? आपल्याला यातलं काहीतरी येतंय म्हणून आनंद झाला. दोघी मुख्याध्यापिकांकडे गेल्या, मुलांच्या शाळेत असतात तसे वर्ग आम्हालाही द्या म्हणून. बाईंनी दिले. तोवर इराणच्या संघात मुलगी गेलेली नव्हती. १९९४ ला हाँगकाँगमध्ये मिर्झाखानीला ४१, पुढच्या वर्षी टोरोंटोत ४२ पैकी ४२. स्वतःला ती संथ डोक्याची म्हणवायची.

मुलींसाठी युरोपियन गर्ल्स ऑलिंपियाडही आहे, २०१५ पासून भारत संघ पाठवतो. वाट तीच, आयएनएमओतून.

ते घड्याळ काढून टाका. पुढचा जुना पेपर तिला आठवडाभर घेऊ दे.

तिरपागडा

अवांतर: २०२५ च्या ऑलिंपियाडमध्ये एआयनंही सुवर्णाएवढे ३५ गुण काढले. मग पोरांनी कशाला जीव काढायचा?

उरलेली_बाकी

क्रेन आली म्हणून कुणी तालीम बंद केली का? सांगलीच्या धाग्यावर हे विचारताय म्हणून विचारतो. (आणि २०२५ चा सहावा प्रश्न एआयलाही सुटला नव्हता. सहाव्याचा मान सहाव्याला.)

पावकी_निमकी

@मोरपंखी_वही, घड्याळाबद्दल अर्धा सहमत. शेवटचे दोन आठवडे घड्याळ हवं, नाहीतर तीन तासांत काय सोडायचं हे कळत नाही. तोवर नको. आणि कृष्णाकाठ, सुटलेलं एक गणित तिनं नीट, "हे का?" विचारायला जागा न ठेवता लिहिलंय का, ते बघा. दोन पूर्ण लिहिलेली गणितं पाच अर्धवटांपेक्षा जास्त गुण देतात.

कृष्णाकाठ

उशीर झाला उत्तराला, दिवाळीची साफसफाई चालू होती.

क्लासवाल्यांना ताईनं दहावीनंतर बघू असं सांगितलंय. खर्च_वजा_जमा, तुमचा मुद्दा ताईच्या डोक्यात पक्का बसलाय, त्यामुळे रसायनशास्त्राचं पुस्तकही टेबलावर आहे. उघडलेलं नाही, पण आहे.

उरलेली_बाकी, तुमचा प्रतिसाद मी छापून दिला. दोन दिवस काही बोलली नाही. काल माळ्यावरचे डबे काढताना तिला स्टुलावर उभं केलं होतं, तर वरून म्हणते, "मावशी, ते काका फक्त खाली उतरले. वर पण जाता येतं." मला काही कळेना. खाली उतरून दुधाच्या बिलावर लिहून दाखवलं, ते तसंच उतरवते:

८, ३०. मग ४ × ३० − ८ = ११२.
३०, ११२. मग ४ × ११२ − ३० = ४१८.
११२, ४१८. "संपतच नाही."

मी गणकयंत्रावर ३० आणि ११२ घालून बघितलं. १३४४४ भागिले ३३६१. चारच आले.

ऋणवाला भाग तिला अजून जमलेला नाही. बिलाच्या कोपऱ्यात "हे का?" लिहून तीनदा अधोरेखित केलंय. दूधवाल्याला यंदा हिशेब तोंडी विचारावा लागणार.